ट्रेलर आधी उजवीकडे सरकला, मग डावीकडे वळला. चूक कुणाची?

देवनारची स्कूटीवाली:
सात वर्षं झाली, देवनारहून घाटकोपरला रोज स्कूटीनं जाते. गेल्या मंगळवारी मानखुर्दला लिंक रोडकडे वळायच्या सिग्नलला माझ्यापुढे ४० फुटी कंटेनरचा ट्रेलर होता. सिग्नल सुटला तसा तो उजवीकडे सरकला आणि डावीकडे रिक्षा जाईल एवढी जागा झाली. इंडिकेटर चिखलानं माखलेला, लागला होता की नाही देव जाणे. मला वाटलं हा सरळ चाललाय, म्हणून घुसले. अर्ध्यात पोचते तोवर तो डावीकडे वळला. केबिन केव्हाच पुढे गेली होती, मागची चाकं मात्र माझ्याकडे येत होती. जोरात नाही, सावकाश, जात्यासारखी. स्कूटी तिथंच टाकून फुटपाथवर उडी मारली.

हँडल आणि पुढचं मडगार्ड गेलं, गुडघा फुटला. ड्रायव्हर खाली उतरला तेव्हा माझ्याइतकाच थरथरत होता. "दिसलाच नाहीत मॅडम," एवढंच म्हणाला. भाऊ म्हणतो चूक माझी. मग एवढे मोठाले आरसे लावतात कशाला? आणि डावीकडे वळायचं तर माणूस उजवीकडे जातो कशाला? ट्रक चालवणारं कुणी इथं असेल तर सांगा. शिव्या नकोत, त्या घरी पोटभर खाऊन झाल्यात.

म्हसवडचा ड्रायव्हर:
ताई, आधी धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं का ते सांगा.

मी २६ वर्षं गाडी मारली, त्यातली शेवटची ११ न्हावाशेवा बंदराच्या लाईनला, ट्रेलरवर. पुढच्या भागाला आम्ही घोडा म्हणतो. घोडा वळला म्हणून मागची ट्रॉली त्याच्या मागोमाग त्याच रेघेवरून येत नाही, तिची चाकं आतून कापत येतात. सरळ डावीकडे वळवला तर ती फुटपाथवर नाहीतर खांबावर चढतील. म्हणून आधी उजवीकडे काढायचा. तुम्हाला जी जागा मोकळी दिसली ती ट्रॉलीसाठी ठेवलेली होती.

आरशाचं म्हणाल तर घोडा डावीकडे वळला की डाव्या आरशात नुसता कंटेनरचा पत्रा दिसतो. तुम्ही त्या वेळी आरशात नसताच, डाव्या खिडकीच्या बाजूला खाली असता. पूर्वी त्या खिडकीत किन्नर, म्हणजे गाडीचा क्लीनर, बसायचा. बाहेर मुंडकं काढून बघायचा, कुणी आलं की दारावर थाप. माझा एक किन्नर होता, शाळा चौथीपर्यंत, पण त्याच्या थापेवर मी डोळे मिटून गाडी वळवली असती. आता मालक त्याचा पगार वाचवतो आणि ती खिडकी आंधळी झाली.

तरी त्या ड्रायव्हरला सोडू नका. इंडिकेटर पुसायला फडकं लागतं, पैसे लागत नाहीत. वळताना अर्ध्यात एकदा थांबून खिडकीकडे बघायला हवं होतं त्यानं. पण खेपेवर पैसे असले की थांबवत नाही. वाशीच्या अलीकडे मुंबईत शिरायला अवजड गाड्यांवरची बंदी उठायची वाट बघत तास-दोन तास उभं राहायचं, उठली की सगळे एकदम सुटतात, गेलेला वेळ भरून काढायला. दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासच काम, असा मोटार परिवहन कामगारांचा कायदा १९६१ साली झालेला. मी तो पहिल्यांदा ऐकला गाडी सोडल्यावर, भाच्याच्या तोंडून.

चेंबूरकर:
काका, तुमचं पटलं, पण सगळं मालकावर ढकलू नका. परवा ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर शेजारचा डंपरवाला मोबाईल स्टिअरिंगला टेकवून व्हिडिओ बघत होता. ६०च्या वेगात एक सेकंद नजर हटली की गाडी जवळपास १७ मीटर पुढे गेलेली असते. ती १७ मीटर कोण चालवतं?

आणि ओव्हरलोडचं काय? मोटार वाहन कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीपासून २०,००० रुपये दंड, वर जादा टनाला २,०००. तरी रेतीचे डंपर काठोकाठ.

म्हसवडचा ड्रायव्हर:
मोबाईलला माझ्याकडे उत्तर नाही. त्याला खाली उतरवायला पाहिजे.

माझं पाप मी सांगतो. वाचलेलं डिझेल ड्रायव्हरचं, असा मालकाशी ठराव होता. त्यापायी मी बोरघाट न्यूट्रलमध्ये उतरलोय, एकदा नाही, कैकदा. गिअर काढला की इंजिन गाडीला धरत नाही, सगळा भार ब्रेकवर. ड्रम तापतात. एका रात्री ब्रेकचे लायनर जळाल्याचा वास आला आणि पाय दाबतोय तरी गाडी पळतेय. पुढे ऊसतोडीच्या माणसांनी भरलेला टेम्पो होता. कसाबसा गिअर पडला. कितीचं डिझेल वाचलं होतं म्हणता? शंभराच्या आतलं. लोडचंही तेच. भरलेल्या गाडीला ब्रेक लागतो, गाडी थांबत नाही. दंड मालक खर्चात धरतो, घाटात आत बसलेले असतो आम्ही.

देवनारची स्कूटीवाली:
इंजेक्शन घेतलं, काका. स्कूटी गॅरेजातून आली. आज तोच सिग्नल आणि पुढे पुन्हा ट्रेलर. तो उजवीकडे सरकला तशी मी मागे थांबले. मागचा रिक्षावाला हॉर्न बडवून बडवून दमला, मग म्हणाला, "बाई, झोपलात काय?" हलले नाही.

एक सांगा, आपण ड्रायव्हरला दिसतोय की नाही हे ओळखायचं कसं?

म्हसवडचा ड्रायव्हर:
त्याच्या आरशात त्याचं तोंड शोधा. तुम्हाला त्याचे डोळे दिसले तर तुम्ही त्याला दिसू शकता, बघतोय की नाही ते नंतरचं. आणि सिग्नलला गाडीच्या नाकासमोर स्कूटी लावू नका. आम्ही वर बसतो, बंपरला खेटून उभं असलेलं माणूस काचेतून दिसत नाही.

रिक्षावाल्याला काय उत्तर दिलंत ते मात्र लिहिलं नाहीत.