दरडीनंतरचा धोका आधी कोण बघणार: उपग्रह की माणूस?

घाटवाट:
दरड कोसळली की सगळ्यांचं लक्ष ढिगाऱ्याकडे जातं, पण पुढचा धोका पुष्कळदा वर साचत असतो. ७ फेब्रुवारी २०२१ ला उत्तराखंडच्या चमोलीत रौंथी शिखराचा कडा बर्फासकट तुटला, दोनशेच्या आसपास माणसं गेली. खाली तपोवनच्या वीज प्रकल्पाच्या बोगद्यात अडकलेल्या कामगारांचा शोध चालू होता आणि वर मलब्याने ऋषिगंगा नदी अडून तळं झालं होतं. उपग्रहाच्या चित्रांत ते दिसलं. ते फुटलं असतं तर शोध घेणारेही वाहून गेले असते. प्रत्येक मोठ्या दरडीनंतर वरच्या खोऱ्याची चित्रं तपासणं सक्तीचंच हवं.

रानजाळी:
चित्रात तळ्याचा आकार दिसतो, खोली नाही. ती मोजायला नौदलाचे पाणबुडे हेलिकॉप्टरमधून त्या बर्फगार पाण्यात उतरले. शिवाय आपल्या सह्याद्रीत जुलैत ढग हटतात कुठे? आमच्या वाडीच्या वर करवंदीच्या जाळीखाली वीतभर भेग आहे. गुराख्याची काठी आत गेली तेव्हा कळलं. पैसा अशा माणसांवर खर्च करा.

घाटवाट:
उपग्रहावरच्या रडारला ढग आड येत नाहीत. केरळात वायनाडला ३० जुलै २०२४ ला दरड आली. हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राने ३१ जुलैच्या चित्रांवरून सांगितलं, सुमारे ८६,००० चौरस मीटर जमीन सुटली आणि मलबा ८ किलोमीटर वाहत गेला. भर पावसात पायी फिरून हे एका दिवसात हाती लागणार नाही.

रानजाळी:
त्याच केंद्राने मे २०२३ चं चित्रही दाखवलं. त्यात तिथेच जुन्या दरडीचा व्रण आहे. मग दरडीखाली गेलेल्या चूरलमला गावाच्या लोकांना त्याचा काय उपयोग झाला?

डोंगरकूस:
मला इथेच राग येतो. माळीण गाडलं गेल्याचं २०१४ मध्ये बाहेर कळलं ते एसटीच्या चालकामुळे. २०२३ मध्ये दरडीखाली गेलेली इर्शाळवाडी तर दरडप्रवण गावांच्या यादीतही नव्हती. चित्र कोणी बघायचं आणि वाडीवर निरोप कोणी न्यायचा, हे आधी ठरवा.

घाटवाट:
निरोपाचं शंभर टक्के मान्य. रानजाळी, त्या भेगेची नेमकी जागा कळवाल? जुलै २०२५ मध्ये सोडलेल्या निसार या भारत-अमेरिकेच्या उपग्रहाचं लांब तरंगांचं रडार झाडीआडची जमीन सरकलेलीही टिपू शकतं, दर १२ दिवसांनी.

रानजाळी:
कळवतो. भेगेच्या दोन्ही काठांना खुंट्या ठोकल्यात, दर रविवारी सुतळीने अंतर मोजतो. गेल्या पावसाळ्यात चार बोटं वाढलं. वही माझ्याकडे आहे, तुमच्या चित्रांशी ताडून बघा.