जुन्या वॉलपेपरवरच नवा वॉलपेपर चिकटवता येईल का?

सड्यावरची (रत्नागिरी):

नमस्कार. रत्नागिरीत तिसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे. त्याच्या दिवाणखान्यातील दोन भिंतींना आधीच्या मालकांनी लावून घेतलेला वॉलपेपर आहे. त्यांपैकी एक भिंत दिवाणखाना आणि झोपण्याची खोली यांच्या मधली, म्हणजे पूर्णपणे आतली आहे. दुसरी इमारतीची नैर्ऋत्येकडील बाहेरची भिंत असून पावसाची झड थेट तिच्यावरच येते. दोन्हींवरचा वॉलपेपर एकाच प्रकारचा आहे: किंचित उठावाची नक्षी असलेला आणि ओल्या फडक्याने पुसता येणारा. आतल्या भिंतीवर तो घट्ट बसलेला दिसतो, केवळ त्याचा रंग विटला आहे. बाहेरच्या भिंतीवर मात्र खिडकीखालचे दोन जोड उघडले आहेत आणि पावसाळ्यात त्या कोपऱ्यात कुबट वास येतो.

आमचा गणपती त्याच बाहेरच्या भिंतीपुढे बसतो, म्हणून त्याआधी दोन्ही भिंतींना नवा वॉलपेपर लावून घ्यावा असा विचार आहे. दुकानदाराच्या मते जुना काढण्याची काहीही आवश्यकता नाही. वरूनच नवा चिकटवल्यास मजुरी वाचेल आणि काढताना गिलावा उखडण्याची भीतीही राहणार नाही. माझ्या सासऱ्यांना हे मुळीच पटलेले नाही, परंतु त्यांचा वॉलपेपरलाच विरोध असल्यामुळे त्यांचे मत घरात कोणी मोजत नाही. खोलीत एसी आहे आणि हवा दमट असल्याने पावसाळ्यातही तो रात्री चालू असतो. अशा स्थितीत जुन्यावर नवा लावणे योग्य ठरेल का, आणि ठरत असल्यास कोणती पूर्वतयारी करावी?

ओळंबा (कुडाळ):

मी वॉलपेपर बसवण्याचे काम करतो. आपल्या दोन भिंतींना एकच उत्तर लागू पडत नाही, म्हणून आधी आतल्या भिंतीविषयी लिहितो.

ओल्या फडक्याने पुसता येतो आणि नक्षीला उठाव आहे, त्या अर्थी आपला जुना वॉलपेपर विनाइलचा असणार. अशा वॉलपेपरमध्ये मागे कागद आणि वर प्लास्टिकचा पातळ थर असतो. वॉलपेपरची नेहमीची खळ पाण्यात कालवलेली असते आणि तिचे पाणी निघून गेले तरच ती पकड घेते. साध्या कागदावर कागद लावला, तर ते पाणी थोडे खालच्या थरात मुरते आणि थोडे वरून उडून जाते. खाली विनाइल असेल तर खळीला धरायला खडबडीतपणा मिळत नाही आणि पाण्याला मुरायला जागाही नसते; वरचा नवा वॉलपेपरही विनाइलचा असेल तर पाणी दोन प्लास्टिकच्या मध्ये अडकते आणि खळीवरच बुरशी धरते. विनाइलवर विनाइल चिकटवण्यासाठी वेगळा गोंद मिळतो हे खरे, पण तो केवळ जोडाच्या ठिकाणी एकावर एक येणाऱ्या पट्ट्यांसाठी वापरावा. पूर्ण भिंतीसाठी मी तो सुचवणार नाही.

दुसरी अडचण ताणाची आहे. खळ लागली की कागद फुगतो आणि वाळताना आकसतो. आकसताना तो खालच्या थराला स्वतःकडे ओढतो. जुना वॉलपेपर वरवर कितीही घट्ट दिसला, तरी ज्या ठिकाणी त्याची खळ मेलेली असते तेथे नव्यासकट सुटून येतो आणि मग दोन थरांचे वजन एकाच कमकुवत जोडावर पडते. जुन्या वॉलपेपरची उठावदार नक्षी आणि जोडांच्या कडा नव्या वॉलपेपरमधून दिसतात, ही गोष्ट वेगळीच. संध्याकाळचे तिरपे ऊन पडणारी भिंत असेल तर त्या अधिकच उठून दिसतात.

दुकानदार सांगत नाहीत असा एक मधला मार्ग मात्र आहे. विनाइलचा वरचा थर पुष्कळदा कोरडाच सोलून निघतो. वरच्या कोपऱ्यात पातीने एक टोक उचलावे आणि भिंतीला जवळजवळ समांतर धरून सावकाश खाली ओढावे. मागचा कागद भिंतीवरच राहतो. तो सर्वत्र घट्ट असेल, म्हणजे बोटाने टकटक केल्यावर कोठेही पोकळ आवाज येत नसेल आणि ओला स्पंज फिरवल्यावर फुगे येत नसतील, तर तोच नव्या वॉलपेपरसाठी अस्तराचे काम करतो. सुटलेले तुकडे कापून काढावेत, त्या जागी पुट्टी भरून बारीक पॉलिश पेपर मारावा आणि प्रायमरचा एक हात द्यावा. आतल्या भिंतीसाठी माझे मत हेच आहे. जुना वॉलपेपर पूर्ण ठेवून त्यावर काम करायचे असेल, तर ते काम मी घेत नाही.

बाहेरच्या भिंतीबद्दल एखाद्या बांधकामातील जाणकाराने लिहावे, कारण तेथला प्रश्न वॉलपेपरचा नाही असे मला वाटते.

चिरेबंदी (अलिबाग):

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. बाहेरच्या भिंतीविषयी लिहितो.

आपल्या किनाऱ्यावर आरसीसी इमारतींमध्येसुद्धा खांबांच्या मधल्या भिंती बहुधा जांभ्या चिऱ्याच्या असतात. जांभा सच्छिद्र असतो. बाहेरचा गिलावा किंवा रंग जेथे तडकला असेल तेथून तो पाणी शोषतो आणि ते सावकाश सोडत राहतो. तडे बहुतेक वेळा दोनच ठिकाणी सापडतात: काँक्रीटचा खांब किंवा तुळई जेथे चिऱ्याच्या भिंतीला मिळते त्या सांध्यात, आणि खिडकीच्या चौकटीभोवती. आपले जोड खिडकीखालीच उघडले आहेत, ही बाब म्हणूनच मला महत्त्वाची वाटते. रत्नागिरीत वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. नैर्ऋत्येची भिंत या काळात पूर्ण वाळतच नाही.

एसीमुळे स्थिती आणखी बिघडते. थंडीच्या देशांत घरातील बाष्प बाहेर जाऊ पाहते, तर आपल्याकडे पावसाळ्यात ते उलट, उष्ण आणि दमट बाहेरून थंड खोलीकडे येते. वाटेत त्याला आतल्या बाजूचा विनाइल वॉलपेपर अडवतो. तो थर थंड असतो, बाष्पाला आरपार जाऊ देत नाही आणि त्याच्यामागे कागद आणि खळ असे बुरशीचे आवडते खाद्य असते. समुद्रकिनाऱ्यावरील हॉटेलांच्या वातानुकूलित खोल्यांमध्ये वॉलपेपरमागे काळी किंवा गुलाबी बुरशी सापडते ती याच कारणाने. पृष्ठभागाजवळची आर्द्रता बराच काळ ८० टक्क्यांच्या वर राहिली की कागदावर बुरशी वाढू लागते, आणि आपल्याकडे जुलैत हवेचीच आर्द्रता ८५ ते ९० टक्क्यांच्या घरात असते. दुसरा थर चढवणे म्हणजे त्या बंद दारावर आणखी एक दार लावणे होय.

खात्री करून घेण्याचा सोपा उपाय सांगतो. खिडकीखाली साधारण एक फूट लांबीरुंदीचा वॉलपेपर कापून काढावा, उघड्या गिलाव्यावर तेवढ्याच आकाराचा जाड, पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही कडांना चिकटपट्टी लावून हवाबंद करावा आणि दोन दिवस एसी बंद ठेवून पाहावे. प्लास्टिकच्या भिंतीकडील बाजूला थेंब जमले तर पाणी भिंतीतून येत आहे. खोलीकडील बाजूला जमले तर ते हवेतील बाष्प आहे. गिलाव्यावर पांढरी खारट पूड (खार) दिसली, तर मात्र भिंतीत पाणी मुरत आहे असे समजावे आणि कोणत्याही चाचणीची वाट पाहू नये.

भिंतीतून पाणी येत असल्यास आधी बाहेरचे तडे भरून जलरोधक लेप द्यावा लागेल. हे काम भर पावसात होत नाही. पावसाळ्यानंतर भिंत वाळू द्यावी आणि मगच आतल्या बाजूचा विचार करावा. त्या भिंतीला आतून हवा आणि बाष्प जाऊ देणारा साधा रंग द्यावा असे मी सुचवेन. वॉलपेपर मुळीच नको.

सड्यावरची (रत्नागिरी):

दोघांचेही आभार. सांगितल्याप्रमाणे चौकोन कापला तेव्हा वॉलपेपरच्या मागच्या बाजूला काळे ठिपके होते आणि गिलाव्याला बोट लावताच पांढरी पूड हाताला लागली. तरीही प्लास्टिक लावून पाहिले, तर थेंब भिंतीच्या बाजूलाच जमले. आतल्या भिंतीवर कोपऱ्यातला विनाइल थर खरोखरच अखंड सोलला गेला आणि मागचा कागद घट्ट राहिला आहे.

आता प्रश्न गणपतीचा आहे. भिंत तशीच काळवंडलेली ठेवून मूर्तीपुढे पाहुण्यांना बसवणे आमच्याकडे कोणालाच रुचणार नाही. तात्पुरता, एका पावसाळ्यापुरता एखादा स्वस्त चिकटणारा फोमचा वॉलपेपर लावावा का?

माटवी (मालवण):

ताई, फोमचा मुळीच लावू नका. तो जाड प्लास्टिकचा असतो आणि खार फुटलेल्या गिलाव्यावर त्याचा गोंद टिकत नाही. आरतीच्या वेळी घरभर माणसे असताना तो माटवीच्या (मूर्तीवर टांगलेल्या, फळाफुलांनी सजवलेल्या लाकडी चौकटीच्या) वरून सुटून खाली आला, तर मूर्तीला धोका आहे.

आमच्या सिंधुदुर्गात गणपतीमागची भिंत दरवर्षी नव्याने चितारण्याची पद्धत पुष्कळ घरांत अजूनही आहे, आणि तिच्यात मला व्यवहारही दिसतो, कारण पावसाने खराब केलेली भिंत त्या निमित्ताने दरवर्षी नजरेखालून जाते. आपल्याला चितारणे शक्य नसेल तर भिंतीपासून इंचभर पुढे लाकडी पट्टीवर सुती पडदा किंवा जुने नऊवारी लुगडे ताणून लावावे. मागे हवा खेळती राहील आणि उत्सव झाल्यावर तो उतरवता येईल. मात्र समईची ज्योत आणि विजेच्या माळा त्यापासून लांब ठेवाव्यात.

त्याआधी बाहेरच्या भिंतीवरचा सगळा वॉलपेपर काढून टाका, केवळ खराब भाग नव्हे. कारण बुरशीइतकेच भय कसर आणि वाळवी यांचेही आहे. कागद आणि पिठाची खळ ही दोघांचीही आवडती जागा, आणि दमट भिंतीवर कागदाचे दोन थर म्हणजे आतमध्ये काय चालले आहे ते वरून दिसणारच नाही. जुन्या लोकांनी खळीत मोरचूद (कॉपर सल्फेट) घालण्याची सवय ठेवली होती ती यासाठीच. परंतु मोरचूद विषारी असते, घरात लहान मुले असतील तर तो प्रयोग करू नये.

ओळंबा (कुडाळ):

माटवीताईंचे म्हणणे योग्य आहे. काढण्याची पद्धत थोडक्यात सांगतो. काम सुरू करण्याआधी त्या खोलीचा वीजपुरवठा एमसीबीवरून बंद करावा, कारण स्विचबोर्डाभोवती पाणी जाणार आहे. वरचा विनाइल थर कोरडा सोलावा, मागच्या कागदावर कोमट पाण्याचा स्पंज फिरवून दहा-पंधरा मिनिटे थांबावे आणि रुंद पाती भिंतीला आडवी धरून कागद खरवडावा. पाती उभी धरली की गिलावा उखडतो. दुकानदाराने घातलेली भीती तेवढ्यापुरती खरी आहे. काळे डाग ब्लीचच्या सौम्य पाण्याने पुसावेत, पण त्यात व्हिनेगर किंवा ॲसिड कधीही मिसळू नये, त्यातून विषारी वायू निघतो. तोंडाला मास्क लावावा आणि खिडक्या उघड्या ठेवाव्यात. पुढे पुट्टी करताना बाहेरच्या भिंतीला पीओपी वापरू नये, ते ओलीने भुसभुशीत होते. पांढऱ्या सिमेंटची पुट्टी घ्यावी.

आतल्या भिंतीसाठी रोलचा हिशोब चौरस फुटांवर करू नका. भिंत १२ फूट रुंद आणि साडेनऊ फूट उंच आहे असे धरले, तर क्षेत्रफळ ११४ चौरस फूट होते. ५३ सेंटिमीटर रुंद आणि १० मीटर लांब असा नेहमीचा रोल ५७ चौरस फुटांचा असल्यामुळे दोन रोल पुरतील असे वाटते. प्रत्यक्षात त्या रुंदीला सात पट्ट्या लागतात आणि नक्षी जुळवल्यावर एका रोलमधून जास्तीत जास्त तीनच पट्ट्या निघतात, म्हणून तीन रोल घ्यावे लागतात. अस्तराच्या कागदाचे जुने जोड आणि नवे जोड एकाच रेषेत येऊ नयेत यासाठी पहिली पट्टी अर्ध्या रुंदीची कापून सुरुवात करावी. तशा आठ पट्ट्या होतात, पण तीन रोलमध्ये त्याही बसतात. कोपऱ्यावर विसंबू नये, पहिली रेषा ओळंबा लावूनच आखावी. वॉलपेपर शक्यतो विनाइलचा न घेता नॉन-वोव्हन (न विणता दाबून चिकटवलेल्या तंतूंचा) घ्यावा, कारण तो फारसा फुगत-आकसत नाही, त्याची खळ थेट भिंतीला लावता येते आणि पुढे काढायचा झाल्यास कोरडाच निघतो. हे काम दिवाळीनंतर करावे. रोल घेताना तिन्हींवरचा बॅच नंबर एकच आहे का ते दुकानातच तपासून घ्यावे, नाहीतर शेजारच्या पट्ट्यांच्या छटेत फरक दिसतो.