अनुभव धागा : पीआर मिळालं, पण टिकवलं कसं?

कॅनडाचं पीआर, म्हणजे तिथे कायम राहण्याचा दर्जा, मिळवायचं कसं, यावर आपल्याकडे भरपूर लिहिलं जातं. एक्सप्रेस एंट्रीचे गुण, आयईएलटीएस, डिग्रीचं मूल्यांकन, सगळं कुठे ना कुठे सापडतं. कार्ड हातात आल्यावर ते राखायचं कसं, हे मात्र लोक एकमेकांना हळू आवाजात फोनवर विचारतात, आणि तेही बहुधा कार्डाची मुदत संपत आल्यावर. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. आई-वडिलांचं आजारपण, मुलांची दहावी-बारावी, जोडीदाराची भारतातली नोकरी, अशा कारणांनी चांगल्या, प्रामाणिक माणसांचे दिवस कमी पडतात. म्हणून हा धागा.

आधी नियम. कोणत्याही पाच वर्षांत किमान ७३० दिवस कॅनडात राहिलेलं असावं लागतं. सलग राहायची गरज नाही. ज्या दिवशी उतरलात तो दिवस धरतात आणि निघालात तोही. २००२ च्या इमिग्रेशन कायद्यापासून हे असंच आहे. पीआर होऊन अजून पाच वर्षं झाली नसतील, तर पाच पूर्ण होईपर्यंत ७३० भरू शकतील एवढं दिसलं तरी पुरतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कार्डाची मुदत संपली म्हणून पीआर संपत नाही. कार्ड हा प्रवासाचा कागद आहे, दर्जा वेगळा. तो जातो अधिकाऱ्याने रीतसर निर्णय दिल्यावर आणि अपिलाची वाट संपल्यावर, किंवा आपण स्वतः सोडल्यावर.

तुमच्यावर काय वेळ आली आणि तुम्ही ती कशी निभावली, सविस्तर लिहा. नावं-गावं लपवून लिहिलीत तरी चालेल.

मिसिसागाहून

आम्ही सॉफ्ट लँडिंग केलं होतं. येऊन उतरलो, सिन नंबर (नोकरी आणि टॅक्ससाठी लागणारा सरकारी क्रमांक) काढला, बँकेत खातं उघडलं आणि पुण्याला परत गेलो. थोरलीची दहावी तोंडावर होती, कोथरूडचा फ्लॅट विकायचा होता, यांच्या कंपनीचा नोटीस पीरियड लांबच लांब. तिसरं वर्ष उजाडल्यावर कायमचे आलो. लोक घाबरवायचे, "एवढे दिवस बाहेर राहिलात, आता विमानतळावर अडवतील." अडवलं नाही. ऑफिसरने विचारलं, "आता राहायला आलात का?" आम्ही हो म्हटलं, शाळेच्या ॲडमिशनचे कागद दाखवले, त्याने "वेलकम होम" म्हणून सोडलं.

कार्डाचं नूतनीकरण करताना पाच वर्षांतला प्रत्येक प्रवास लिहून द्यावा लागतो, पासपोर्टच्या पानांच्या प्रती जोडाव्या लागतात. मी पहिल्या दिवसापासून एक वही ठेवली आहे. निघाल्याची तारीख, पोचल्याची तारीख, फ्लाइट नंबर, आणि मागच्या खिशात बोर्डिंग पास. आता कॅनडाच्या ऑफिसर्सकडेही आपल्या ये-जा करण्याची नोंद असते. २०२० पासून विमानाने बाहेर जाणाऱ्यांचीही तारीख त्यांच्याकडे पोचते. आपली वही आणि त्यांची नोंद जुळली की काम सरळ होतं.

हॅलिफॅक्सहून

विद्यार्थी म्हणून आलेल्यांसाठी एक छोटी गोष्ट. पीआर व्हायच्या आधीचे दिवस या ७३० मध्ये धरत नाहीत. सिटिझनशिपसाठी मात्र ते अर्ध्या हिशेबाने धरतात, जास्तीत जास्त ३६५ पर्यंत. तिथे पाच वर्षांत १०९५ दिवस लागतात. हे दोन हिशेब वेगळे आहेत आणि माझ्या वर्गातली निम्मी मुलं ते एकत्र करायची.

एडमंटनहून

माझा अनुभव लांब आहे, पण ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांना उपयोगी पडेल म्हणून सगळं लिहितो.

सांगलीत वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. डावी बाजू गेली, बोलणं गेलं. आई आधीच गेलेली, बहीण लग्न होऊन दूर, तिची मुलं लहान. बायको आणि मुलगा एडमंटनला राहिले, त्याची शाळा चालू होती. मी गेलो तो महिन्याभरासाठी, आणि राहिलो वडील जाईपर्यंत. मधे दर वर्षी थोड्या दिवसांसाठी मुलाकडे येऊन जायचो. वडिलांना अंघोळ घालायला, भरवायला, फिजिओथेरपी करून घ्यायला दुसरं कोणी नव्हतं. मी तिथे होतो याचं मला आजही समाधान आहे आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा तेच करीन.

या काळात कार्डाची मुदत संपली. कार्डाशिवाय विमान कंपनी बसू देत नाही, त्यामुळे भारतातून ट्रॅव्हल डॉक्युमेंटसाठी अर्ज केला. दिवस कमी भरत होते ते अर्जात स्पष्ट लिहिलं आणि कारणं जोडली. अर्ज नामंजूर झाला. पत्र वाचताना हात कापत होते. पण त्याच पत्रात अपिलाचा हक्क लिहिलेला असतो. नकाराचं पत्र मिळाल्यापासून ६० दिवसांत इमिग्रेशन अपील डिव्हिजनकडे जाता येतं, आणि निकाल लागेपर्यंत तुम्ही पीआरच असता. एक फारशी माहीत नसलेली तरतूद अशी, की ट्रॅव्हल डॉक्युमेंटच्या अर्जाच्या तपासणीआधीच्या ३६५ दिवसांत एकदा तरी कॅनडात येऊन गेला असाल आणि अपील केलं असेल, तर सुनावणी होईपर्यंत परत येण्यासाठी प्रवासाचा कागद मिळतो. त्या मधल्या फेऱ्या इथे कामी आल्या.

सुनावणीत तुमचे दिवस कमी होते हे कोणी नाकारत नाही. प्रश्न असतो मानवतेच्या आधारावर सवलत द्यावी का. किती दिवस कमी पडले, देश का सोडला, बाहेर का राहावं लागलं, शक्य होताच परत आलात का, इथे तुमचं काय आहे, आणि दर्जा गेला तर मुलावर काय परिणाम होईल. मला खोदून विचारलं, "बहिणीने का नाही केलं? पगारी माणूस का नाही ठेवला?" उत्तरं खरी होती, त्यामुळे अडखळलो नाही. हॉस्पिटलची डिस्चार्ज कार्डं, न्यूरोलॉजिस्टचं पत्र, फिजिओथेरपीच्या पावत्या, बहिणीचं प्रतिज्ञापत्र, वडिलांचा मृत्यूचा दाखला. मराठीतल्या कागदांचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर. इथल्या बाजूने घराचा करार, टॅक्सचे कागद, मुलाच्या शाळेचं पत्र. वडील गेल्यावर दिवसकार्य आणि सातबाऱ्यावर वारसनोंद होईपर्यंतच थांबलो, हेही कागदावर दाखवता आलं. "शक्य होताच परत आलात का" या प्रश्नावर माझ्या वकील बाईंचा सगळ्यात जास्त भर होता.

निकाल आमच्या बाजूने लागला. ज्यांच्या घरी असं आजारपण आहे त्यांनी पहिल्या दिवसापासून प्रत्येक चिठ्ठी जपा. दोन वर्षांनी हॉस्पिटलमध्ये जुने कागद मागायला गेलं की कोणी ओळख देत नाही.

दोहाहून (घर कॅलगरीला)

परदेशात काढलेले दिवसही धरले जातात, जर कॅनडातल्या कंपनीने तुम्हाला पूर्णवेळ कामावर बाहेर नेमलं असेल. माझे कतारमधले दिवस असेच धरले गेले. कंपनीचं पत्र नेमकं हवं. नेमणूक कधीपासून कधीपर्यंत, पगार कोण देतं, आणि नेमणूक संपल्यावर कॅनडातल्या जागेवर परत घेणार आहेत का. माझ्या ओळखीतल्या एकाने इथे येऊन स्थानिक नोकरी धरली, कंपनीची शाखा कॅनडात होती तरी ते दिवस धरले नाहीत.

पुण्याहून

दादा, माझी नोकरी टोरांटोच्या कंपनीत आहे, पण सध्या बावधनला बसून रिमोट काम करते. मॅनेजरची परवानगी आहे. माझे दिवस धरतील का?

*(धागाकर्त्याकडून: ताई, यावर विसंबू नका. कंपनीने तुम्हाला तिथे नेमलेलं नाही, तुम्ही तुमच्या सोयीने तिथून काम करता. नुसत्या परवानगीला नेमणूक म्हणत नाहीत. मोकळे दिवस किती उरले ते आजच मोजा.)*

नाशिकहून

मी निवृत्त शिक्षक. वय ७१. मुलाने आम्हा दोघांना स्पॉन्सर केलं, पीआर मिळालं. मुलगा आता तिथला नागरिक आहे. नंतर त्याला कंपनीने काही वर्षांसाठी सिंगापूरला पाठवलं, आम्ही त्याच्याजवळ राहिलो. कोणीतरी सांगितलं होतं की नागरिकाबरोबर परदेशात राहिलं तर दिवस धरतात. ते अर्धंच खरं आहे. नवरा किंवा बायको नागरिक असेल आणि दोघं एकत्र राहत असतील तर धरतात. लहान मूल नागरिक आई-वडिलांबरोबर असेल तरी धरतात. आई-वडील नागरिक मुलाजवळ राहिले तर धरत नाहीत. आमच्या वयाच्या पुष्कळ लोकांना हे ठाऊक नाही, म्हणून मुद्दाम लिहितो आहे.

आम्ही उभयतांनी विचार केला. हिची संधिवाताची औषधं, माझं वाचनालय, आमचे डॉक्टर, सगळं इथे आहे. तिथली थंडी सोसत नाही. आम्ही आपणहून पीआर सोडलं आणि सुपर व्हिसा, म्हणजे मुलांना-नातवंडांना भेटायला जाणाऱ्या आई-वडिलांचा आणि आजी-आजोबांचा व्हिसा, घेतला. तो दहा वर्षांपर्यंत मिळतो आणि एका खेपेस पाच वर्षांपर्यंत राहता येतं. नातवंडांच्या सुट्टीत जातो, कसलाही धाक नाही. सोडणं म्हणजे हरणं असं तरुण मंडळींना वाटतं. आमच्या मनाला ते तसं वाटलं नाही.

नागपूरहून परतलेली, आता ओटावा

काका, तुमचं वाचून आईशी बोलायचं ठरवलं. तिचंही असंच चाललंय.

माझं २०२१ चं. बाळंतपणासाठी माहेरी गेले होते, आणि २२ एप्रिलला कॅनडाने भारतातून येणारी थेट विमानं बंद केली. ती सप्टेंबरअखेर सुरू झाली. पीआरना यायला बंदी नव्हती, पण तिसऱ्या देशात उतरून, तिथे कोविड चाचणी करून, मग पुढे. तान्ह्या बाळाला घेऊन मेक्सिको सिटीमार्गे आले. बाळाच्या दुधाच्या पिशवीपासून चाचणीच्या रिपोर्टपर्यंत सगळं एका हातात. कोविड होता म्हणून ते दिवस आपोआप माफ होत नाहीत, एवढं लक्षात ठेवा. कारण म्हणून मांडता येतो, हिशेबात मिळत नाही.

व्हँकुव्हरहून

कार्ड संपलेलं आणि अमेरिकेचा व्हिसा असेल तर आणखी एक वाट आहे. सिएटलला उतरून खासगी गाडीने सीमेवरच्या पीस आर्चच्या नाक्यावरून या. पीआर असल्याचं पटलं की आत घ्यावंच लागतं. बस, रेल्वे नको, तिथे कार्ड मागतात. पण दिवस कमी असतील तर नाक्यावरही अधिकारी 'राहण्याची अट पाळली नाही' असा अहवाल लिहू शकतात, आणि देश सोडण्याचा आदेश निघाला तर अपिलाला फक्त ३० दिवस असतात. शिवाय अहवालानंतरचे दिवस मोजणीत येत नाहीत.

न्यू जर्सीहून

कॅनडाचं वाचून वाटलं, तिथे निदान आकडा तरी आहे. अमेरिकेत ग्रीन कार्डाला असा ठरलेला आकडा नाही, तुमचा राहण्याचा हेतू बघतात. माझे सासू-सासरे साताऱ्याला सात-आठ महिने राहून आले तेव्हा विमानतळावर सासऱ्यांना बाजूला बसवून एका फॉर्मवर सही करायला सांगितलं. तो स्वखुशीने ग्रीन कार्ड सोडण्याचा फॉर्म होता. सुनेने आधी बजावलं होतं म्हणून त्यांनी सही केली नाही, "जजसमोर जाईन" म्हणाले. थोड्या वेळाने सोडलं. आपल्या वडीलधाऱ्यांना हे नक्की शिकवून ठेवा: समजल्याशिवाय सही नाही. वर्षापेक्षा जास्त राहायचं असेल तर निघण्यापूर्वी री-एंट्री परमिटचा अर्ज करा, तो अमेरिकेत असतानाच करावा लागतो आणि परमिट दोन वर्षांपर्यंत चालतं.

मेलबर्नहून

ऑस्ट्रेलियात देशात आहात तोवर पीआरला धक्का नाही. प्रवासाची सोय पाच वर्षांची असते. नंतर रेसिडेंट रिटर्न व्हिसा, आणि पाचपैकी दोन वर्षं इथे काढली असतील तर तो पुन्हा पाच वर्षांचा मिळतो.

सस्काटूनहून

मला पीआर होऊन वर्ष झालं. कोल्हापूरला आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे आणि नंतर गुडघ्याचंही करायचं म्हणतात. तीन-चार महिने लागतील. वरचं सगळं वाचून जायचीच भीती वाटायला लागली. जाऊ का?

*(धागाकर्त्याकडून: जा, नक्की जा. पहिल्या पाच वर्षांत साधारण तीन वर्षं बाहेर राहण्याची मुभा असते, त्यातले तीन-चार महिने फार नाहीत. निघण्यापूर्वी कार्डाची मुदत बघून घ्या. नऊ महिन्यांपेक्षा कमी उरली असेल तर इथूनच नवीन कार्डाचा अर्ज करा, कारण ते कार्ड भारतात पाठवत नाहीत. गुडघ्याचं लांबलं तर इथे लिहा, मिळून हिशेब करू. आईंना आमचा नमस्कार सांगा.)*