उत्तर: उत्तर: नेत्राणी – एक मोठी बोट की दोन लहान? (गुरुवारपर्यंत कळवा)

प्रेषक: सहल समिती

मंडळी, गुरुवारी आगाऊ रक्कम भरायची आहे. नेत्राणी बेटाजवळच्या स्कूबा डायव्हिंगचं बाकी सगळं ठरलं, बोटीवर अडलंय. आपण चौदा जण: पाच कार्डवाले (डायव्हिंगचं प्रमाणपत्र असलेले), सहा पहिल्यांदाच पाण्याखाली जाणारे, तिघं नुसते बोटीवर. मुर्डेश्वरचा पहिला ऑपरेटर चोवीस जणांची बोट देतो, त्यात बाहेरचे दहा असतील. दुसरा आठ-आठच्या दोन लहान बोटी देतो, फक्त आपल्यासाठी, माणशी जरा महाग. गाडी नाशिकहूनच केली आहे, ट्रॅव्हलर, हुबळी-अंकोल्यावरून जाऊन-येऊन. दोन डाइव्ह रविवारी, दुपारी जेवून लगेच परत निघायचं. तारकर्ली की नेत्राणी हा विषय मागच्या महिन्यात संपलाय, कृपया परत काढू नये.

प्रेषक: पंचवटीचे काका

मोठी. नेत्राणी किनाऱ्यापासून सुमारे १९ किलोमीटर आत आहे, जायला तास-सव्वा तास. डिसेंबरात सकाळी मतलई वारा, समुद्र तेलासारखा. दुपारकडे खारा वारा सुटला की परतताना लाट मागून आणि कुशीवरून येते, आणि लहान बोट तेव्हाच सगळ्यात जास्त डोलते. शिवाय फायबरच्या लहान बोटीत सावली नाही, संडास नाही. दोन डाइव्हच्या मध्ये तासभर तिथेच थांबायचं असतं, आणि चालत्या बोटीपेक्षा उभी बोट जास्त लागते. न उतरणाऱ्या तिघांचा विचार कोणी केलाय का?

प्रेषक: गंगापूर रोडची ताई

काका, सावली आणि संडास, दोन्ही मुद्दे मान्य. पण बोटीच्या लांबीवरून ऑपरेटर ठरवू नका. आधी हे विचारा की पाण्यात एका इन्स्ट्रक्टरमागे किती जण असतील. पहिल्यांदा उतरणाऱ्यांसाठी चार ही वरची मर्यादा धरा, आणि नेत्राणीसारख्या उघड्या समुद्रात मी दोनच्या वर जाऊ देणार नाही. म्हणजे आपल्या सहा जणांना तीन इन्स्ट्रक्टर, खोली १२ मीटरच्या आत. मोठ्या बोटीवर बाहेरचे दहा असतील तर हे तीन इन्स्ट्रक्टर फक्त आपल्याला मिळणार का, ते लेखी घ्या.

कार्डवाल्यांचं गणित वेगळं. नेहमीचं अ‍ॅल्युमिनियमचं सिलिंडर साधारण ११ लिटरचं, २०० बार दाबापर्यंत भरलेलं. ५० बार राखून वर यायचं, म्हणजे वापरायला १५० बार, १६५० लिटर हवा. नवखा माणूस पृष्ठभागावर मिनिटाला २० ते २५ लिटर ओढतो. १० मीटरवर दाब दुप्पट, म्हणून ४० ते ५०. त्याची हवा ३३ ते ४१ मिनिटांत संपते. मुरलेला माणूस त्याच खोलीवर तासभर आरामात राहतो. सहा जणांना एकच गाइड असेल तर ज्याची हवा आधी संपेल त्याच्याबरोबर सगळ्यांना वर यावं लागतं, नाहीतर गाइड एकाला घेऊन वर जातो आणि बाकीचे खाली एकटे राहतात. दुसरा प्रकार तर चालवूनच घेऊ नये. आपल्या पाचांत तिघांच्या कार्डावर १८ मीटर खोलीची मर्यादा आहे, दोघांच्या ३० मीटर. यांचे दोन गट करा आणि दोन गाइड मागा.

आणखी एक. लहान बोट ‘आठ’ची म्हणजे आठ प्रवासी, की तांडेल-खलाशी आणि इन्स्ट्रक्टर धरून आठ? यावरच सगळं फिरेल. चौदा आपण, पाच पाण्यात नेणारे, शिवाय बोटीवरची माणसं. सोळांत बसत नाहीत.

प्रेषक: डॉक्टर, कॉलेज रोड

> दुपारी जेवून लगेच परत निघायचं

हे चालणार नाही. अंकोल्याहून यल्लापूरमार्गे हुबळी म्हणजे दोन-तीन तासांत समुद्रसपाटीवरून साडेसहाशे मीटरच्या आसपास, पुढे बेळगाव साडेसातशेच्या घरात. रक्तात विरघळलेला नायट्रोजन अजून बाहेर पडत असताना हवेचा दाब कमी होतो, आणि त्याचे शरीरात बुडबुडे होऊ शकतात. डायव्हर्स अलर्ट नेटवर्कचा दंडक असा: एक डाइव्ह असेल तर विमानाआधी १२ तास, एकाहून जास्त असतील तर १८ तास. तो ६१० मीटरपासून वरच्या केबिन-उंचीला (विमानातला हवेचा दाब ज्या उंचीइतका असतो ती) लावलेला आहे. रविवारी दुपारी एकला पाण्याबाहेर आलात तर सोमवारी सकाळी सात.

आणि ज्यांची परतीची विमानं आहेत त्यांनी शेवटच्या डाइव्हनंतर पूर्ण दिवस मोकळा ठेवावा. प्रत्येकाचं तिकीट मला दिसत नाही, ते ज्याचं त्यानं बघावं.

प्रेषक: गाडीवाला दादा, सिडको

गाडीचं माझ्याकडे आहे म्हणून लिहितो. डॉक्टर, हुबळी साडेसहाशे, आपलं नाशिक सहाशे. आपण राहतोच त्या उंचीवर. ही काय विमानाची उंची झाली? ड्रायव्हरला मुक्कामाचे पैसे द्यावे लागतील, सोमवार मोडेल, दोघांना मंगळवारी ऑफिस आहे.

प्रेषक: डॉक्टर, कॉलेज रोड

दादा, नाशिकात राहतो म्हणून सूट मिळत नाही. शरीर काल कुठे होतं त्यापेक्षा पाण्यातून आल्यावर किती वेळात किती वर चढलं, हा प्रश्न आहे. ३०० मीटरच्या वर डाइव्ह केला तर शिकवणाऱ्या संस्था त्याला उंचीवरचा डाइव्ह म्हणतात आणि नियम बदलतात, तेव्हा साडेसहाशे ही नगण्य उंची नाही.

मार्ग आहे. परतताना मत्स्यगंधा एक्स्प्रेस घ्या, मुर्डेश्वरहून एलटीटी (मुंबईचं लोकमान्य टिळक टर्मिनस). कोकण रेल्वे रात्रभर किनाऱ्यालगत खालच्या उंचीवरून येते, आणि सकाळी एलटीटीहून गाडी करून कसारा चढेपर्यंत १८ तास उलटलेले असतात. ट्रॅव्हलर फक्त जाताना ठेवा. जाताना घाट चढून खाली उतरायला काही अडचण नाही.

प्रेषक: गाडीवाला दादा, सिडको

एकेरी गाडीला परतीचं रिकामं भाडं पडतं, हे समितीनं ध्यानात घ्यावं. रेल्वेची चौदा तिकिटं डिसेंबरच्या सुट्टीत कन्फर्म मिळत असतील तर माझं काही म्हणणं नाही. नाही मिळाली तर मुर्डेश्वरला सोमवार सकाळपर्यंत मुक्काम, ड्रायव्हरशी मी बोलतो. पण हे आजच कळायला हवं.

प्रेषक: नाशिकरोड

युरोपातून स्वतःचा रेग्युलेटर (सिलिंडरला जोडून श्वास घ्यायचं यंत्र) आणणाऱ्यांसाठी: तुमचे बहुतेक डीआयएन जोडाचे, आटे असलेले. इथली सिलिंडरं बरीचशी योक जोडाची, वरून शिकंजा आवळायची. डीआयएन-योक अ‍ॅडॉप्टर बरोबर आणा, ऑपरेटरकडे असेलच असं धरू नका. उलट सिलिंडरच्या व्हॉल्व्हमध्ये काढता येणारा आतला तुकडा असेल तर षटकोनी किल्लीनं तो काढून डीआयएन थेट बसतो, पण किल्ली बोटीवर कोणाकडे नसते.

प्रेषक: गंगापूर रोडची ताई

नाशिकरोड, बरोबर. त्यात भर: सिलिंडर हातात आलं की व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आणि गेजकडे बघत रेग्युलेटरमधून चार-पाच खोल श्वास घ्या. काटा प्रत्येक श्वासाला खाली जाऊन परत वर येत असेल तर व्हॉल्व्ह अर्धवट उघडा आहे. वरती हवा पुरेशी वाटते, खोलवर ओढताना कमी पडते. हवेला तेलाचा किंवा धुराचा वास-चव आली तर ते सिलिंडर परत द्या, दुसरं मागा. कॉम्प्रेसरची हवा आत घेणारी नळी इंजिनाच्या धुराच्या बाजूला असली की हे होतं, आणि कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा वास नसतो, म्हणून धुराचा वास हीच पूर्वसूचना समजायची. जोडापाशी ‘सुस्स’ आवाज आला तर ओ-रिंग (रबरी कडी) बदलून मागा. एका मिनिटाचं काम आहे, लाजू नका.

आता परत बोट. माझ्या मते शिडी ही बोटीच्या आकाराइतकीच मोठी गोष्ट आहे. मध्ये एकच दांडा आणि दोन्ही बाजूंना पायऱ्या, अशी शिडी असेल तर फिन्स (पायातले पंख) घालूनच चढता येतं. दोन दांड्यांची साधी शिडी असेल तर पाण्यात तरंगत फिन्स काढाव्या लागतात, आणि नेमक्या त्या वेळी लाट आली तर माणसाला बोटीपासून लांब जाताना पोहायला फिन्स नसतात. लहान बोटीवर बीसीडी (हवा भरायचं जॅकेट) आणि वजनं पाण्यातच काढून वर देतात, हे पहिल्यांदा जाणाऱ्यांना आधी सांगून ठेवा. शिडीजवळ कोणी असेल तोवर इंजिन न्यूट्रलमध्ये, आणि एक माणूस कायम बोटीवर.

प्रेषक: पंचवटीचे काका

> शिडी ही बोटीच्या आकाराइतकीच

शिडी मोठ्या बोटीवर चांगली असते, म्हणजे मी म्हटलं तेच. मोठीच घ्या.

प्रेषक: गंगापूर रोडची ताई

काका, मोठ्या बोटीचा धोका वेगळा आहे: मोजणी. जानेवारी १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियात ग्रेट बॅरियर रीफवर एक अमेरिकन जोडपं पाण्यात राहिलं आणि बोट निघून आली, कारण डोकी मोजण्यात चूक झाली. ते परत सापडले नाहीत. चोवीस जणांत नुसती डोकी मोजून भागत नाही. कागदावर नावं, पाण्यात जाताना खूण, वर आल्यावर ज्यानं त्यानं स्वतः ‘हजर’ म्हणायचं, दुसऱ्यानं त्याच्या वतीनं नाही. ऑपरेटर हे करतो का ते विचारा, आणि करत नसेल तर आपली यादी आपण ठेवायची. बोट कोणतीही असो, यादी ठेवायला मी तयार आहे.

प्रेषक: डॉक्टर, कॉलेज रोड

सर्दीबद्दल. निफाडचा पारा खाली गेला की निम्म्या नाशिकला नाक वाहतं, आणि तुम्ही त्याच आठवड्यात निघताय. नाक मोकळं करणारं औषध घेऊन पाण्यात जाऊ नका. खाली असताना त्याचा असर उतरला तर सायनसमधली हवा वर येताना अडकते आणि खूप दुखतं. कान मोकळे होत नसतील तर त्या दिवशी बोटीवर बसायचं. आरोग्याचा फॉर्म आत्ताच मागवा. दमा, हृदय, कानाचं ऑपरेशन, मधुमेह, यातल्या कशालाही ‘हो’ असेल तर डॉक्टरची सही लागते, आणि ती रविवारी सकाळी जेट्टीवर मिळत नाही. बोट लागण्याची गोळी घेणार असाल तर आधी घरी एकदा घेऊन बघा. काहींना इतकी झोप येते की पाण्यात उतरणं बरं नाही.

प्रेषक: सहल समिती

दोन्ही ठिकाणी फोन झाले.

लहान बोटी: ‘आठ’मध्ये तांडेल आणि इन्स्ट्रक्टर धरलेले आहेत. म्हणजे दोन बोटींत आपण चौदा बसत नाही, तीन घ्याव्या लागतील. ऑक्सिजनचं सिलिंडर एकाच बोटीवर आहे.

मोठी बोट: रविवारऐवजी शुक्रवारी गेलो तर बाहेरचे दहाऐवजी चारच. पाच जण पाण्यात नेणारे फक्त आपल्यासाठी, ईमेलवर लिहून देतो म्हणाला. ऑक्सिजनचं सिलिंडर बी टाइप मापाचं. इंजिनं दोन, वायरलेस आहे. नावांची यादी ठेवतात. शुक्रवार घेतला तर शनिवारी मुक्काम करून रविवारी सकाळी ट्रॅव्हलरनंच निघता येईल, म्हणजे डॉक्टरांचे तास आणि दादांची गाडी दोन्ही सुटतं. शिडीचा फोटो पाठवलाय, जोडला आहे. भरू का पैसे?

प्रेषक: डॉक्टर, कॉलेज रोड

बी टाइपमध्ये साधारण १५०० लिटर. मिनिटाला १५ लिटरनं १०० मिनिटं. परतीचा सव्वा तास त्यात बसतो, एका रुग्णापुरता. भरलेलं आहे का ते जेट्टीवर गेज बघून घ्या, आणि मास्क जोडून दाखवायला सांगा. रविवार सकाळ माझ्याकडून चालेल.

प्रेषक: गंगापूर रोडची ताई

थांबा, फोटो बघितला. मधल्या दांड्याची शिडी आहे, ते उत्तम. पण खालची पायरी पाण्याच्या जेमतेम खाली दिसते, आणि फोटो जेट्टीच्या शांत पाण्यातला आहे. समुद्रात बोट वर उचलली गेली की ती पायरी हवेत येईल आणि परत खाली येताना चढणाऱ्याच्या नडगीवर आदळेल. किमान दोन पायऱ्या आणखी पाण्याखाली हव्यात. खाली वाढवता येणारा तुकडा आहे का, ते आज विचारा. आहे म्हणाला तर तो लावलेला फोटो मागवा, मग पैसे भरा.