जावाच्या प्रोग्रामसोबत त्याच्या लायब्ररी द्यायच्या, तर एकच मोठी जार (जावा प्रोग्रामचे भाग एकत्र बांधलेली फाइल) करावी की वेगळे फोल्डर?

वेदगंगाकाठ (निपाणी)

नमस्कार मंडळी. निपाणीजवळच्या एका गावातील दूध संकलन केंद्रासाठी मी जावामध्ये एक छोटा प्रोग्राम लिहिला आहे. सकाळ-संध्याकाळ येणाऱ्या दुधाचे लिटर, फॅट आणि एसएनएफ (फॅटखेरीजचे घन पदार्थ) नोंदवायचे, दरपत्रकावरून रक्कम काढायची आणि दर दहा दिवसांनी उत्पादकाच्या हाती मराठी व कन्नड अशा दोन्ही भाषांत छापलेले बिल द्यायचे, एवढेच त्याचे काम. केंद्रावरच्या नोंदी एसक्यूलाइट या डेटाबेसमध्ये राहतात आणि आठवड्यातून एकदा मुख्य कार्यालयातील मायएसक्यूएलमध्ये चढवल्या जातात, त्यामुळे दोन्हींचे जेडीबीसी ड्रायव्हर, म्हणजे जावाला डेटाबेसशी जोडणाऱ्या तयार लायब्ररी, लागतात. बिल्ड, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवणे, मेव्हन या साधनाने करतो.

मी कोड ज्यात लिहितो, त्या एक्लिप्समध्ये सारे सुरळीत चालते. 'एमव्हीएन पॅकेज' ही आज्ञा दिल्यावर टार्गेट फोल्डरात जी जार तयार झाली, ती जेमतेम ९० केबीची होती. केंद्रावरच्या संगणकावर ती चालवताच 'नो मेन मॅनिफेस्ट अॅट्रिब्यूट' असा संदेश आला. मॅनिफेस्टमध्ये (जारविषयीची माहिती असलेल्या तिच्या आतील फाइलीत) मुख्य क्लासचे, म्हणजे प्रोग्राम जिथून सुरू होतो त्या भागाचे, नाव घातल्यावर तो गेला, पण त्याच्या जागी 'नोक्लासडेफफाउंडएरर' (लागणारा क्लास सापडत नाही) उभा राहिला. मग सगळ्या लायब्ररी एकाच जारमध्ये भरणाऱ्या शेड या मेव्हन प्लगइनचा नेटवर सापडलेला उतारा पॉममध्ये (मेव्हनच्या मांडणीच्या फाइलीत) चिकटवला. जार १५ एमबीच्या पुढे गेली, प्रोग्रामची खिडकी उघडली आणि मला वाटले की काम झाले. परंतु पहिली नोंद साठवताना 'नो सुटेबल ड्रायव्हर फाउंड' असा दोष आला, आणि तोही फक्त एसक्यूलाइटसाठी. मायएसक्यूएलशी जोडणी व्यवस्थित होते. जार उघडून पाहिली, तर एसक्यूलाइटचे सगळे क्लास आत आहेत. जी वस्तू पेटीत आहे, ती सापडत कशी नाही, हे मला समजलेले नाही.

केंद्रावर इंटरनेट नाही, जावा ८ आहे, आणि प्रत्येक दुरुस्ती मी पेन ड्राइव्हवरून दुचाकीने नेऊन देतो. बिल वाटपाच्या आदल्या संध्याकाळी ही फेरी किती सुखाची असते, ते सांगायला नको. एकच जार ठेवण्याचा माझा आग्रह चुकीचा आहे का?

उद्यमबाग (बेळगाव)

तुमचे पहिले दोन दोष नेहमीचेच आहेत, म्हणून ते लवकर आटोपतो. मेव्हन जी जार बनवते, तिच्यात फक्त तुमचे स्वतःचे क्लास आणि रिसोर्स फाइली असतात. डिपेन्डन्सी, म्हणजे तुम्ही वापरलेल्या लायब्ररी, तिच्या लेखी तुमच्या घरच्या संगणकावरील डॉट-एम-टू फोल्डरात असतात आणि एक्लिप्स त्या तिथून उचलते. केंद्रावरच्या संगणकाला तुमच्या घरातल्या फोल्डराची माहिती असण्याचे कारण नाही. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: 'जावा -जार' म्हटले की क्लासपाथ (क्लास कुठे शोधायचे त्या मार्गांची यादी) म्हणून दिलेला '-सीपी' पर्याय जावा पूर्णपणे दुर्लक्षिते, त्यामुळे तिथे लायब्ररींचे मार्ग लिहून उपयोग होत नाही. पुष्कळांचा अर्धा दिवस या एका गोष्टीत जातो. माझा पूर्ण दिवस गेला होता.

तिसरा दोष मात्र समजून घेण्यासारखा आहे. २००६ साली आलेल्या जावा ६ सोबत जेडीबीसी ४.० आले आणि तेव्हापासून ड्रायव्हरचा क्लास 'क्लास.फॉरनेम' लिहून हाताने लोड करण्याची गरज उरली नाही. प्रत्येक ड्रायव्हरच्या जारमध्ये मेटा-इन्फ फोल्डराच्या आत सर्व्हिसेस नावाचे फोल्डर असते आणि त्यात 'जावा.एसक्यूएल.ड्रायव्हर' या नावाची एक साधी मजकुराची फाइल असते, जिच्यात त्या ड्रायव्हरच्या क्लासचे नाव लिहिलेले असते. क्लासपाथवर जितक्या जार असतील, तितक्यांमधील या नावाच्या फाइली जावा वाचून काढते आणि त्यांतील सगळ्या ड्रायव्हरांची नोंद करून ठेवते. एक्लिप्समध्ये दोन जार वेगवेगळ्या होत्या, म्हणून दोन्ही फाइली वाचल्या गेल्या. शेडने दोन्ही जार उकलून त्यांतील सामान एकाच जारमध्ये भरले. पण एकाच मार्गावर एकाच नावाच्या दोन फाइली राहू शकत नाहीत, त्यामुळे एक उरली आणि दुसरी गेली. तुमच्या बाबतीत मायएसक्यूएलची उरली. एसक्यूलाइटचे क्लास आत आहेत हे तुमचे म्हणणे खरेच आहे, फक्त ते आहेत असे सांगणारी चिठ्ठी हरवली आहे.

उपाय सोपा आहे. शेडच्या मांडणीत ट्रान्सफॉर्मर्स या भागात 'सर्व्हिसेसरिसोर्सट्रान्सफॉर्मर' जोडावा. तो एका नावाच्या अशा सगळ्या फाइलींतील ओळी एकत्र करून एकच फाइल लिहितो. त्याच जागी 'मॅनिफेस्टरिसोर्सट्रान्सफॉर्मर' देऊन मुख्य क्लासही सांगता येतो. जार तयार झाल्यावर झिपच्या कोणत्याही साधनाने ती उघडावी आणि त्या फाइलीत दोन्ही नावे आली आहेत का, हे निघण्यापूर्वीच पाहून घ्यावे.

पुढेमागे तुम्ही बाउन्सी कॅसल या क्रिप्टोग्राफीच्या लायब्ररीसारखी डिजिटल स्वाक्षरी केलेली लायब्ररी घेतलीत, तर याच रस्त्यावर दुसरा खड्डा आहे. त्या जारमधील एसएफ, डीएसए, आरएसए या विस्तारांच्या स्वाक्षरीच्या फाइली तुमच्या मोठ्या जारमध्ये जशाच्या तशा येतात, आतील सामानाशी त्यांचा मेळ बसत नाही आणि 'इनव्हॅलिड सिग्नेचर फाइल डायजेस्ट' म्हणून जावा प्रोग्राम सुरूच होऊ देत नाही. शेडच्या फिल्टर्स भागात या तीन प्रकारच्या फाइली वगळल्या की हा अडथळा दूर होतो.

मलप्रभाकाठ (खानापूर)

उद्यमबागकरांनी दोषाचे कारण अचूक सांगितले आहे. उपायाबाबत मात्र माझे मत थोडे वेगळे आहे. त्यांचा ट्रान्सफॉर्मर जोडल्यावर प्रोग्राम चालेल, यात शंका नाही. परंतु लायब्ररी फोडून एकत्र कराव्यात हीच कल्पना मला तुमच्या कामासाठी योग्य वाटत नाही. स्वाक्षरीच्या फाइली वगळण्याचेच उदाहरण घेऊ. ओरॅकलच्या जेडीकेवर (जावाच्या विकास-संचावर) बाउन्सी कॅसल क्रिप्टोग्राफीचा प्रोव्हायडर म्हणून वापरायचा असेल, तर त्याची स्वाक्षरी शाबूत लागते. ती काढून टाकली की प्रोव्हायडरची ओळख पटत नाही म्हणून काम अडते. म्हणजे एक दोष मिटवताना दुसरा पदरात पडतो. जार जशी निर्मात्याने दिली तशीच ठेवली, तर हे प्रश्न उद्भवतच नाहीत.

यासाठी मेव्हनचे दोन साधे प्लगइन पुरतात. डिपेन्डन्सी प्लगइनचे 'कॉपी-डिपेन्डन्सीज' हे गोल (प्लगइनचे ठरावीक काम) पॅकेजच्या टप्प्याला बांधून सगळ्या लायब्ररी टार्गेटमधील 'लिब' फोल्डरात उतरवून घ्याव्यात आणि त्यात 'इन्क्लूडस्कोप' हा रनटाइम ठेवावा, म्हणजे जेयुनिटसारख्या फक्त चाचणीच्या लायब्ररी केंद्रावर जाणार नाहीत. जार प्लगइनच्या मॅनिफेस्टमध्ये 'अॅडक्लासपाथ' हे ट्रू करावे आणि 'क्लासपाथप्रीफिक्स' म्हणून 'लिब/' द्यावे. मग मॅनिफेस्टमध्ये क्लास-पाथ ही ओळ आपोआप लिहिली जाते. त्यातील मार्ग जारच्या जागेपासून मोजले जातात, त्यामुळे प्रोग्राम सी ड्राइव्हवर ठेवा की डीवर, जार आणि लिब शेजारी-शेजारी असले म्हणजे झाले. ही ओळ हाताने लिहिण्याच्या भानगडीत मात्र पडू नये. मॅनिफेस्टच्या एका ओळीत ७२ बाइटांपेक्षा जास्त मजकूर बसत नाही, आणि पुढची ओळ एका मोकळ्या जागेने सुरू करावी लागते.

तुमच्या दुचाकीच्या फेरीचा विचार करता याचा मोठा लाभ आहे. एसक्यूलाइटच्या ड्रायव्हरमध्ये वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठीचा नेटिव्ह कोड भरलेला असतो, म्हणून तो एकटाच इतका जड असतो. तो वर्षातून एखादे वेळी बदलेल. तुमचा ९० केबीचा भाग मात्र दर आठवड्याला बदलेल. लिब एकदा नेऊन ठेवले की पुढची प्रत्येक दुरुस्ती केंद्रचालकाच्या फोनवर पाठवता येईल आणि तो केबलने ती संगणकावर घेईल. आमच्या तालुक्यात जंगलालगतच्या गावांतून पावसाळ्यात जाणे किती अवघड असते, हे अनुभवल्यावर मी याच पद्धतीवर आले.

जावा ८ विषयीही एक सूचना. तुम्ही घरी नवा जेडीके वापरत असाल, तर पॉममध्ये सोर्स आणि टार्गेट ८ लिहून थांबू नका. त्याने क्लास फाइलीचे स्वरूप जुने होते, पण नव्या जेडीकेतील मेथड (क्लासमधील तयार क्रिया) वापरल्या जाण्याचा धोका तसाच राहतो. बाइटबफरची 'फ्लिप' ही मेथड याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. जावा ९ मध्ये तिचा परत येणारा प्रकार बदलला, म्हणून तिथे कंपाइल झालेला कोड ८ वर 'नोसचमेथडएरर' देतो, जरी स्रोतात एक अक्षरही बदललेले नसले तरी. 'मेव्हन.कंपाइलर.रिलीज' ८ ठेवल्यास कंपाइलर ८ चीच एपीआय (उपलब्ध क्लास आणि मेथड) समोर ठेवून तपासतो.

वेदगंगाकाठ (निपाणी)

दोघांचेही मनापासून आभार. आधी उद्यमबागकरांचा ट्रान्सफॉर्मर लावून पाहिला. त्या फाइलीत दोन्ही ड्रायव्हरांची नावे आली आणि नोंद साठली. कारण समजल्याचे समाधान पदरात पडल्यावर ताईंनी सांगितल्याप्रमाणे शेड काढून लिब फोल्डराची मांडणी केली. रिलीज ८ ठेवताच कंपाइलरने मी नकळत वापरलेली 'लिस्ट.ऑफ' पकडून दाखवली, जी जावा ९ मध्ये आलेली आहे. ती ओळ केवळ अहवालाच्या भागात असल्यामुळे केंद्रावर महिनाअखेरीसच फुटली असती.

आता एकच गोष्ट अडली आहे. बिलासाठीचा कन्नड फॉन्ट मी 'सोर्स/मेन/रिसोर्सेस' मध्ये ठेवला आहे आणि 'फाइल' या क्लासने त्याचा मार्ग देऊन वाचतो. एक्लिप्समध्ये तो मिळतो, जारमधून मिळत नाही.

उद्यमबाग (बेळगाव)

जारच्या आत गेलेली वस्तू ही डिस्कवरची फाइल उरत नाही, ती झिपमधील एक नोंद होते. म्हणून 'फाइल' ने ती कधीच मिळणार नाही. 'गेटरिसोर्सअॅजस्ट्रीम' ने स्ट्रीम (बाइटांचा प्रवाह) घ्यावी आणि तीच 'फॉन्ट.क्रिएटफॉन्ट' ला द्यावी. नावातील लहान-मोठी अक्षरे तंतोतंत जुळवावीत, कारण विंडोजच्या फोल्डरात चालणारी ढिलाई जारमध्ये चालत नाही.

शिवाय पॉममध्ये रिसोर्ससाठी 'फिल्टरिंग' ट्रू केले आहे का, तेही पाहा. आवृत्तीचा क्रमांक प्रॉपर्टीज फाइलीत भरण्यासाठी पुष्कळ जण ते करतात. मग मेव्हन त्या फोल्डरातील प्रत्येक फाइल मजकूर समजून वाचते आणि पुन्हा लिहिते. जेपीजी, पीएनजी यांसारख्या काही चित्रांना ती स्वतःहून सोडते. टीटीएफला (फॉन्टच्या फाइलींना) सोडत नाही, आणि फॉन्ट बिघडतो.

मलप्रभाकाठ (खानापूर)

तसे असेल तर फॉन्टसाठी वेगळे रिसोर्स फोल्डर करून त्याचे फिल्टरिंग बंद ठेवणे मला जास्त स्वच्छ वाटते. नाहीतर रिसोर्सेस प्लगइनच्या 'नॉनफिल्टर्डफाइलएक्स्टेन्शन्स' मध्ये टीटीएफ लिहिले तरी चालते.

वेदगंगाकाठ (निपाणी)

फिल्टरिंग ट्रूच होते. घरचा मूळ फॉन्ट आणि जारमधून काढलेला फॉन्ट यांच्या आकारातही फरक निघाला. वेगळे फोल्डर केले, स्ट्रीमने वाचले आणि बिलावर कन्नड अक्षरे नीट उमटली. लिब फोल्डर उद्या सकाळच्या संकलनाआधी पेन ड्राइव्हवरून नेतो.