रिपोर्ट नॉर्मल, पण ताण सततचा: शरीरात नक्की काय होतं आणि कमी करायला सुरुवात कुठून करायची?

मधलीओळ

रक्त, साखर, ईसीजी, सगळे रिपोर्ट नॉर्मल. तरी पहाटे तीन-साडेतीनला जाग येते, मान-खांदे आखडलेले असतात, पोट कधी गच्च तर कधी सैल, आणि क्षुल्लक कारणावरून चिडचिड. अशा तक्रारी घेऊन गेलेल्या माणसाला बहुतेक वेळा एकच वाक्य ऐकायला मिळतं: "ताण कमी करा." म्हणजे नेमकं काय करायचं, ते मात्र राहूनच जातं. नेटवर शोधावं तर ध्यान, छंद, सकारात्मक विचार अशी भली मोठी यादी, जी बघूनच दडपण येतं.

जाणकारांना विचारायचंय: महिनोन्महिने चालणाऱ्या ताणाने शरीरात काय बिघडतं? कॉर्टिसॉल (ताणात वाढणारं संप्रेरक) तपासून काही कळतं का? आणि नोकरी किंवा घरची जबाबदारी सोडणं शक्यच नसेल तर एकेक करत काय बदलायचं, कुठल्या क्रमाने? "जास्त विचार करू नका" छापाचे सल्ले कृपया नकोत.

ओपीडीनंतर

ताण चढतो त्याने सहसा काही बिघडत नाही. चढलेला उतरत नाही, घोळ तिथे होतो.

शरीरात दोन यंत्रणा असतात. पहिली मज्जातंतूंची, सेकंदांत चालू होणारी: अ‍ॅड्रिनलिन सुटतं, नाडी आणि बीपी वाढतं, रक्त पोटाकडून स्नायूंकडे वळतं. दुसरी जरा सावकाश चालते. मेंदूतला हायपोथॅलॅमस पिट्युटरी ग्रंथीला निरोप देतो, पिट्युटरी मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींना, आणि त्या कॉर्टिसॉल सोडतात. कॉर्टिसॉल यकृताला साखर बाहेर काढायला लावतं, आणि तेच रक्तातून मेंदूत पोचलं की पुढचा पुरवठा थांबतो. म्हणजे ब्रेक आतच बसवलेला आहे. रोज दिवसभर दाबून तो झिजतो.

कॉर्टिसॉलला दिवसाची लय असते. उठल्यावर अर्ध्या-पाऊण तासात सर्वांत जास्त, मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी. सततच्या ताणात बऱ्याच जणांची ही लय सपाट होते: सकाळी जोर नाही, रात्री शांतता नाही. पहाटे तीनला जाग येण्याचं कोडंही इथेच सुटतं. रात्रीच्या उत्तरार्धात गाढ झोप कमी आणि स्वप्नांची झोप जास्त असते, त्यातच कॉर्टिसॉल चढायला लागलेलं असतं. आधीच सावध असलेल्या मेंदूला मग जागं व्हायला फारसं निमित्त लागत नाही.

संशोधक हान्स सेल्ये यांनी १९३६ मध्ये 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात उंदरांवरचं निरीक्षण छापलं: त्रास कुठल्याही प्रकारचा असो, अ‍ॅड्रिनल ग्रंथी फुगतात, थायमस (रोगप्रतिकाराशी संबंधित ग्रंथी) आक्रसतो, जठरात व्रण पडतात. (माणसांतले अल्सर मात्र बहुतांशी एच. पायलोरी जिवाणू आणि वेदनाशामक गोळ्यांमुळे होतात. सगळं खापर ताणावर फोडून तपासणी टाळू नका.) १९९५ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेला एक अभ्यास मला जास्त बोलका वाटतो. स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकांची शुश्रूषा करणाऱ्या स्त्रिया आणि तशी जबाबदारी नसलेल्या स्त्रिया, दोघींच्याही हातावर साडेतीन मिलिमीटरची सारखीच छोटी जखम केली. शुश्रूषा करणाऱ्यांची जखम भरायला सरासरी ९ दिवस जास्त लागले. "ताण मनात असतो" म्हणणाऱ्यांना हा आकडा दाखवावा.

कॉर्टिसॉलची तपासणी: ताण मोजायला उपयोग नाही. पातळी तासातासाला बदलते, सुई टोचण्याच्या धास्तीनेही वाढते. ती चाचणी कुशिंग किंवा अ‍ॅडिसनसारख्या, कॉर्टिसॉल फार वाढवणाऱ्या किंवा फार कमी पाडणाऱ्या आजाराची शंका असेल तेव्हाची. "अ‍ॅड्रिनल थकल्यात" असं निदान करून पूरक गोळ्या खपवणारे भेटतील. अंतःस्रावशास्त्रात असं निदानच नाही. त्यापेक्षा हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडची चाचणी) आणि बी-१२ पाहून घ्या, आणि घोरणं जोरात असेल तर झोपेत श्वास अडकतो का ते तपासा. हे चारही बिघाड हुबेहूब ताणासारखे दिसतात.

आणि बीपी घरी मोजा. आधी अर्धा तास चहा-कॉफी, सिगारेट, व्यायाम नाही. ५ मिनिटं गप्प बसायचं, पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीला. एक मिनिटाच्या अंतराने दोन वेळा, सकाळ-संध्याकाळ, आठवडाभर. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी १३५/८५ किंवा त्यावर आली तर डॉक्टरांना दाखवा. पायावर पाय टाकून, गप्पा मारत घेतलेलं बीपी फुकट.

घड्याळवाला

वरचा प्रतिसाद उत्तम. मी क्रमाबद्दल लिहितो, कारण लोक तिथेच फसतात. सोमवारपासून ध्यान, व्यायाम, डाएट, मोबाइल बंद, सगळं एकदम. दहा दिवसांत सगळं सुटतं आणि वर अपराधीपणाची भर. एका वेळी एकच बदल, किमान दोन आठवडे.

पहिला बदल: उठण्याची वेळ. झोपण्याची नव्हे. झोप हुकमी येत नाही, उठणं हातात असतं. सुट्टीच्या दिवशीही तासाभराहून जास्त फरक नको, आणि उठल्यावर थोड्या वेळात बाहेरच्या उजेडात या. पहाटे जाग आली आणि अंदाजे २० मिनिटांत परत झोप लागली नाही तर अंथरुणातून उठायचं, मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं वाचायचं, डोळे मिटायला लागले की परत जायचं. घड्याळ भिंतीकडे तोंड करून ठेवा. "अजून तीन तास उरलेत" हा हिशोब झोप उडवायला पुरेसा असतो.

दुसरा: कॅफीन. शरीरातलं निम्मं कॅफीन जायला साधारण ५ तास लागतात, काहींना बरेच जास्त. संध्याकाळी पाचच्या कपातलं निम्मं रात्री दहाला रक्तातच असतं. दुपारी बारा-एकनंतर बंद, पण एकदम तोडू नका, डोकं धरतं. दर तीन-चार दिवसांनी एक कप कमी करा. दारूने झोप लवकर लागते हे खरं, पण उत्तररात्री तीच झोपमोड करते.

तिसरा: शरीर सैल करणं. श्वासाचा प्रकार सगळ्यांना माहीत असतो, पण करताना चुकतो. नाकाने ४ सेकंद आत, ६ सेकंद बाहेर, म्हणजे मिनिटाला ६ श्वास, ५ मिनिटं. श्वास लांब हवा, मोठा नको. छाती भरभरून श्वास घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, ओठ-बोटांना मुंग्या येतात, गरगरतं आणि उलट घाबरल्यासारखं होतं. "मला हे जमत नाही" म्हणणारे बरेच जण इथेच अडकलेले असतात. ४-६ जड गेलं तर ३-४ पासून सुरू करा.

ज्यांची तक्रार मान-जबड्याची आहे त्यांना स्नायू आवळून सोडण्याची पद्धत जास्त लागू पडते. मूठ ५ ते ७ सेकंद आवळा, मग एकदम सोडा आणि २०-३० सेकंद नुसतं लक्ष द्या की हात कसा लागतोय. मग दंड, खांदे कानापर्यंत, कपाळ, जबडा, पोट, मांड्या, पोटऱ्या. पूर्ण जोर लावू नका, साठ-सत्तर टक्के पुरे. पोटरीला पावलाचा चवडा आपल्याकडे ओढायचा, पुढे ताणलात तर पेटका येईल. १५ मिनिटं, दिवसातून एकदा, आणि पहिले काही दिवस तरी अंथरुणाबाहेर. झोप यावी म्हणून केलं की "आली का?" अशी परीक्षा सुरू होते.

चौथा: काळजीला वेळ नेमून देणं. संध्याकाळी ठरलेली २० मिनिटं, ठरलेली खुर्ची, वही. दिवसभरात काळजी डोकावली की दोन शब्दांत टिपायची आणि "संध्याकाळी" म्हणून पुढे जायचं. वहीत प्रत्येकीसमोर एकच प्रश्न: माझ्याकडून करण्यासारखं काही आहे का? असेल तर पुढची एक कृती आणि वार लिहायचा. नसेल तर तसं लिहायचं आणि पुढची ओळ. झोपायच्या आधी ५ मिनिटं उद्याच्या कामांची यादी केली तर झोप थोडी लवकर लागते, हे प्रयोगशाळेत मोजलेलं आहे. यादी जितकी नेमकी तितकी लवकर.

चालणं यात कुठेही बसवा. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते (बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतपत). सुरुवात १० मिनिटांनी झाली तरी चालेल.

तिरकी_रेघ

घड्याळवाला, तंत्रं बरोबर आहेत, पण सगळा भार माणसाच्याच डोक्यावर. पाईप फुटलाय आणि आपण फरशी पुसायची पद्धत सुधारतोय.

कामाच्या ताणाचे अभ्यासक रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्ये मांडलेलं सूत्र इथे कामाचं आहे: काम खूप आणि ते कसं, केव्हा करायचं यावर ताबा कमी, ही जोडी सर्वांत घातक. ब्रिटनमधल्या सरकारी नोकरांच्या व्हाइटहॉल अभ्यासांत हृदयविकार वरच्या साहेबांपेक्षा खालच्या श्रेणीत जास्त आढळला, आणि ताब्याचा अभाव हे त्यामागचं एक कारण निघालं. म्हणून काम कमी करता येत नसेल तर ताबा कुठे वाढवता येईल ते शोधा.

एक आठवडा कागद जवळ ठेवा. चिडचिड झाली की वेळ, प्रसंग आणि ० ते १० मध्ये आकडा, बस. आठवड्याअखेर तेच दोन-तीन प्रसंग परत परत आलेले दिसतील, आणि बहुधा ते तुम्हाला वाटत होते ते नसतील. त्यातला लहानात लहान घ्या, मोठा नव्हे. मेसेज सतत वाजत असतील तर ठरलेल्या तीन वेळांनाच बघायचे, आणि खरंच तातडीचं असेल तर फोन करा असं आधीच सांगून ठेवायचं. वरिष्ठांकडे "फार ताण आहे" अशी तक्रार नेली तर सहानुभूती मिळते, बदल मिळत नाही. त्याऐवजी: "हाताशी ही चार कामं आहेत, शुक्रवारपर्यंत तीन होतील. कुठलं मागे ठेवू?" आजारी माणसाची शुश्रूषा करत असाल तर "काही लागलं तर सांगा" म्हणणाऱ्याला लगेच वार आणि दोन तास नेमून द्या. मोघम मदत कधीच येत नाही.

मधलीओळ

सगळ्यांचे आभार. दोन उपप्रश्न. फिरती शिफ्ट असेल तर उठण्याची वेळ ठरवायची कशी? आणि कामाच्या दिवसांत ठीक, सुट्टीच्या दिवशीच डोकं दुखतं, हे काय प्रकरण?

घड्याळवाला

फिरत्या शिफ्टमध्ये एकच वेळ जमणार नाही. मग झोपेचा चार-पाच तासांचा असा पट्टा शोधा जो सगळ्या शिफ्टमध्ये किंवा निदान दोन शिफ्टमध्ये सामाईक राहील, आणि उरलेली झोप त्याच्या अलीकडे-पलीकडे. रात्रपाळीनंतर घरी जाताना गॉगल, खोलीत पूर्ण अंधार. शिफ्ट बदलून मागता येत असेल तर सकाळ-दुपार-रात्र अशी पुढे सरकणारी मागा, उलटी शरीराला जड जाते.

सुट्टीची डोकेदुखी: मायग्रेनच्या रुग्णांत ताण उतरू लागल्यावरच्या काही तासांत झटका येण्याची शक्यता वाढते, असं दिसलंय. त्यात उशिरा उठणं, नाश्ता लांबणं आणि सकाळचं कॅफीन चुकणं यांची भर. तिन्ही गोष्टी सुट्टीला नेहमीच्या वेळी ठेवून बघा. आणि आदल्या संध्याकाळपर्यंत धावून एकदम थांबू नका, शेवटचा तास-दोन तास हलकी कामं ठेवा.

ओपीडीनंतर

शेवटी एक वैद्यकीय भर. छातीत दाब, तो हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणं, सोबत घाम किंवा धाप: हे ताणाने असेल असं स्वतः ठरवू नका, तडक इस्पितळ गाठा. कारण नसताना वजन उतरणं, शौचातून रक्त, दोन आठवड्यांहून जास्त कशातच रस न वाटणं, जगणं नकोसं वाटणं, यासाठी वहीच्या निकालाची वाट बघत बसू नका. जगणं नकोसं वाटत असेल तर त्याच दिवशी कोणाला तरी सांगा आणि डॉक्टरांकडे जा.

झोपेच्या किंवा "शांत" ठेवणाऱ्या बेन्झोडायझेपिन गटातल्या गोळ्या थोड्या दिवसांसाठी असतात, साधारण २ ते ४ आठवडे. महिनोन्महिने घेत असाल तर मनाने एकदम बंद करू नका, फिट येऊ शकते. डॉक्टर डोस हळूहळू उतरवून देतील. बीपीची गोळीही "आता बरं वाटतंय" म्हणून सोडायची नाही. महिनाभर झोप सुधारली की घरचे आकडे दाखवा, डोस कमी करायचा का ते त्यावरून ठरेल.