माउंट अबू: आईला घेऊन जायचंय, तिथल्या 'नक्की' नावाच्या तलावाजवळ सपाटीवर राहायची सोय हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही ठाण्यात नौपाड्यात राहतो. आई ७२ वर्षांची. मार्चमध्ये तिच्या उजव्या गुडघ्याची वाटी बदलली. आता काठीशिवाय चालते, पायऱ्या मात्र कठडा धरूनच चढते. रोज संध्याकाळी तलावपाळीला एक फेरी, कोपिनेश्वराचं दर्शन आणि मग पाण्याकडे तोंड करून अर्धा तास बसणं, हे तिचं ठरलेलं.

गेल्या महिन्यात कपाट आवरताना तिचा आणि बाबांचा १९७८ चा फोटो सापडला. नक्की तलावाच्या काठावर भाड्याचे राजस्थानी कपडे घालून काढलेला. बाबांच्या डोक्यावर फेटा, आईच्या डोक्यावर मडकं. घागरा साडीवरूनच चढवलेला, त्यामुळे खालून साडीचा काठ दिसतोय. त्या दिवशी होडीत बसायचं राहून गेलं, कारण खाली आबू रोड स्टेशनला उतरणारी शेवटची बस चुकेल म्हणून बाबांची घाई चालली होती. बाबा दोन वर्षांपूर्वी गेले. फोटो बघून आई एवढंच म्हणाली, "होडी राहिलीच."

एका टूरवाल्याकडे चौकशी केली. त्याने एका दिवसात दिलवाड्याची जैन मंदिरं, अचलगड, गुरुशिखर, अर्बुदा देवी आणि सनसेट पॉइंट बसवून दिलं. अर्बुदा देवीला ३६५ पायऱ्या आहेत, गुरुशिखरालाही बऱ्याच चढाव्या लागतात. मी दोन्ही खोडलं. आम्हाला तीन रात्री राहायचंय, सकाळ-संध्याकाळ तलाव आणि एक दुपार दिलवाड्याला. मंदिरं पर्यटकांना दुपारी १२ नंतर उघडतात, म्हणजे आईला सकाळी घाई नाही. त्यातल्या विमल वसही मंदिराचं (इ.स. १०३१) संगमरवरी छत तिला निवांत, बसून बघू द्यायचंय. आत बसायला जागा मिळते का?

मुख्य अडचण राहण्याची. तलावाजवळ म्हणून सांगतात ती हॉटेलं प्रत्यक्षात चढावर निघतात, असं दोघांनी सांगितलं. तळमजल्यावर खोली, पाश्चात्य संडास आणि दारातून तलावापर्यंत चढ-उतार नसलेला रस्ता, असं ठिकाण कुणी स्वतः राहून पाहिलंय का? तलावाभोवतीच्या वाटेवर बाकं किती अंतरावर आहेत? थोडं जास्त भाडं चालेल.

दिवाळीत गुजरातमधून प्रचंड गर्दी येते म्हणून ते दिवस टाळतोय. डिसेंबर-जानेवारीत पारा शून्यापर्यंत उतरतो, आणि थंडीत आईचा गुडघा आखडतो. म्हणून फेब्रुवारीचा दुसरा आठवडा मनात आहे. तेव्हा पहाटे कितपत गारठा असतो?

गाडी बोरिवलीहून धरू, घोडबंदरच्या ट्रॅफिकसाठी दोन तास हाताशी ठेवून. आबू रोडला उजाडल्यावर पोचणारी कोणती गाडी बरी? तिथून वर २८ किलोमीटरचा घाट आहे आणि आईला वळणांवर मळमळतं, सावकाश चालवणारा टॅक्सीवाला माहीत असेल तर व्यक्तिगत निरोप करा.

आणि सर्वांत महत्त्वाचं, होडीत चढण्याबद्दल. धक्का होडीच्या पातळीला आहे की पायऱ्या उतरून पाय खाली टाकावा लागतो? पायडलची होडी तिला जमणार नाही. नावाडी वल्हवतो ती मोठी होडी मिळते का, आणि चढताना हात द्यायला कुणी असतं का? रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, त्याआधी एवढं कळलं तरी मी तिकिटं काढून टाकेन.